सुई ओवता येते म्हणून

दादा, आई खोटं बोलत नव्हती. खरं तर एवढंच सांगायचं होतं, पण तुम्हाला एका वाक्यात काही पटलंय असं जन्मात कधी झालं नाही, म्हणून सविस्तर लिहिते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझं भांडण संपलेलं नाही. तुम्ही असताना बापासमोर तोंड उघडायची माझी छाती नव्हती. आता तुम्हाला मधेच बोलता येत नाही, हे मला फार सोयीचं आहे.

मंठ्यातलं आपलं घर म्हणजे पुढं तुमची शिलाई मशीन आणि मागं चूल. मधल्या उंबऱ्याशी आई काज-बटण आणि तुरपाई करत बसायची. मी तेव्हा तिसरी-चौथीत असेन. तुम्ही जेवायला बसलाय, भाकरी अर्धी झालीय, आई चुलीकडून आमटी घेऊन येतेय आणि तिचा पाय तुमच्या तांब्याला लागतो. पाणी सगळं ताटात. "डोळे फुटले का तुझे?" तुम्ही ओरडता. आई म्हणते, "कडेचं दिसत न्हाई हो मला आजकाल. समोरचं दिसतं, कडेला काहीच न्हाई. नळीतून बघितल्यावानी वाटतं." बाई नुसती कटकट करत नव्हती, बराबर लक्षण सांगत होती. पुढं मी जाडजाड पुस्तकं वाचली, त्यात याहून सोपं कुणी लिहिलेलं मला सापडलं नाही. तुम्ही काय म्हणालात? "आंधळेपणाचे नखरे माझ्यासमोर न्हाई करायचे. माझं पोट नजरेवर चालतं. नजर काय असती ते मला बिलकुल शिकवू नको."

मग आला बाजाराचा दिवस. दुकानात आजूबाजूच्या खेड्यांतली चार-सहा गिऱ्हाइकं बसलेली. तुम्ही आईला पुढं बोलावलंत, डबीतली सगळ्यात बारीक सुई काढलीत आणि काळा दोरा तिच्या हातात दिलात. "ओव." तिनं दोऱ्याचं टोक ओठात धरून ओलं केलं आणि पहिल्याच झटक्यात ओवलं. तुम्ही ती सुई सगळ्यांना दिसेल अशी वर धरलीत. "बघा मंडळी, ही आमची आंधळी!" काय हसले सगळे! मला सगळ्यात जास्त लागलं ते हे, की आईसुद्धा हसली. आत येऊन मला म्हणाली, "माझाच काही घोळ असंल गं. जाती की सुई."

त्या दिवसापासून सुई म्हणजे घरातलं कोर्ट झालं. आई दाराच्या चौकटीवर आपटली, काढा सुई. आईचा हात दिव्याच्या काचेला लागला, काढा सुई. दर वेळी ती ओवायची आणि दर वेळी ती खोटी ठरायची. गावात डोळ्यांचं शिबिर आलं तेव्हा ती माझा हात धरून गेली. तिथं त्यांनी बॅटरी मारून बघितलं, लांबची अक्षरं वाचायला लावली. अक्षरं तर समोरच होती, ती तिनं घडाघडा वाचली. "मोतीबिंदू नाही," म्हणाले. तुम्हाला काय, तेवढंच पाहिजे होतं.

आता माराबद्दल. गिऱ्हाइकाच्या लग्नाच्या एका सदऱ्यावर आईनं इस्त्री तशीच सोडली होती. सोडली कसली, तिला ती दिसलीच नव्हती, डाव्या बाजूला होती म्हणून. सदरा जळाला. तुम्ही तिच्या डाव्या बाजूनं आलात आणि कानफटात मारलीत. ती हलली नाही. अंग चोरलं नाही, हात वर केला नाही. तुम्ही आणखी भडकलात. "बघा, कशी कोडगी झाली! मारलं तरी ढिम्म." आणि आणखी दोन दिल्यात. दादा, माणूस मार चुकवतो तो येताना दिसतो म्हणून. तिला तुमचा हात दिसायचाच नाही, तो गालावर पडल्यावरच कळायचा. त्यानंतर कितीतरी वेळा मी हे बघितलं. तुम्ही समोरून कधीच मारलं नाहीत, आणि ती कोडगी ठरत गेली.

एके दिवशी सुई ओवली गेली नाही. ती दोरा पुन्हा पुन्हा ओठात धरत होती आणि दोरा सुईच्या शेजारून जात होता. मग मात्र तुम्ही घाबरलात. बायकोसाठी घाबरलात की तुरपाई कोण करणार म्हणून, देव जाणे. जल्दी जल्दी औरंगाबादची एसटी धरलीत, मलाही घेतलंत. तिथले डॉक्टर काचबिंदू म्हणाले. म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, आहे ती चिमूटभर नजर औषधाच्या थेंबांनी टिकली तर टिकेल. "इतके दिवस काय करत होता?" त्यांनी विचारलं. तुम्ही हात जोडून म्हणालात, "साहेब, परवापर्यंत सुई ओवत होती." ते म्हणाले, "मधली नजर शेवटी जाते." परतीच्या गाडीत जालना मागं पडल्यावर म्हणालात, "मंग आधी नीट सांगायचं न्हाई का." आई खिडकीकडं तोंड करून म्हणाली, "सांगितलं की हो." एवढंच. पुढं वर्षभरात उरलेलंही गेलं.

तुम्ही तिच्या सगळ्या पोलक्यांचे हुक काढून मोठी टिचबटणं लावलीत, न सांगता, एका दुपारी बसून. ती माफी होती, की रोज हुक लावून द्यायची कटकट टाळलीत, हे मला अजून कळलेलं नाही. आई त्याला माफी म्हणते. तिला काहीही पुरतं. आणि तुम्ही गेलात कसे, तर मशीनवर बसल्या बसल्या, कुणाला त्रास न देता. लोक म्हणाले, पुण्यवान माणूस. मी स्वयंपाकघरात जाऊन दात खाल्ले.

मी आता पुण्यात एका प्रयोगशाळेत काम करते, आई माझ्याजवळच असते. लोक मेल्यावर डोळे दान करतात, त्यातले काही आमच्याकडे येतात. डोळ्याच्या मागच्या भिंतीत एक नाजूक चाळणी असते. नजरेचे सगळे धागे तिच्या भोकांतून मेंदूकडं जातात. त्या धाग्यांना टेकू द्यायला, त्यांचं खाणंपिणं बघायला चाळणीत काही पेशी असतात. या पेशी प्रथिनांमार्फत एकमेकींना निरोप देतात. त्यातलं एक प्रथिन जखम भरून काढायचा निरोप नेतं. बोट कापलं की वण धरतो, त्यात त्याचा मोठा हात असतो. काचबिंदूत डोळ्यातला दाब चाळणीला ताणतो, हे प्रथिन गरजेपेक्षा जास्त होतं आणि निरोप थांबतच नाही. टेकू देणाऱ्या पेशी मग वण धरल्यासारखे तंतू विणत बसतात, चाळणी कडक होते आणि भोकांतले धागे चेंगरून मरतात. ज्यांनी सांभाळायचं त्याच गळा आवळतात. मला हे बघायला सूक्ष्मदर्शक लागला, आईला लागला नव्हता. आम्ही या पेशी बशीत वाढवतो, निरोप अडवायचं औषध घालून बघतो. बशीत जमतं. माणसात अजून नाही.

तुमचे डोळे जाळले याचं मात्र मला वाईट वाटतं. ठणठणीत डोळे होते. आम्हाला तुलनेसाठी निरोगी डोळा लवकर मिळत नाही. तुमचा कुणाला तरी उपयोग झाला असता.

हे पत्र टाकायला कुठं पेटी नाही, आणि आईला वाचून दाखवायची माझी हिंमत नाही. एक राहिलंय, ते सांगते आणि थांबते. हा आजार रक्तातून येऊ शकतो, म्हणून गेल्या आठवड्यात मीही कडेची नजर तपासून घेतली. समोर बघत राहायचं आणि कडेला दिवा चमकला की बटण दाबायचं. निकालाच्या कागदावर डाव्या डोळ्याचा नाकाकडचा कोपरा काळा आलाय. तिथले दिवे मला दिसलेच नाहीत. मला तर वाटत होतं, मशीनच मधेमधे थांबतंय.

घरी आले, चप्पल काढली आणि आईच्या सुई-दोऱ्याच्या डब्यातली बारीक सुई घेऊन खिडकीशी बसले. दोरा ओठात धरला. पहिल्याच झटक्यात ओवली. आणि दादा, मला बरं वाटलं. एवढं सगळं शिकून, रोज त्याच पेशी डोळ्यांसमोर असून, मला खरंच बरं वाटलं. डब्याचा आवाज आईनं ऐकला असणार.

"काय करून राह्यलीस गं?"

"सुई ओवली."

"गेली का?"

"गेली. एका झटक्यात."

आई म्हणाली, "माझीबी जायची."