एक्क्याण्णव मूळच आहे

१ मार्च, संध्याकाळी ७
आजपासून कॉम्प्लेक्सच्या लेझीम पथकाचा प्रमुख मी. बिनविरोध. दुसरं कोणी उभंच नव्हतं, पण बिनविरोध ते बिनविरोध. पाडव्याच्या शोभायात्रेत आपल्या बायका अशा जातील की अख्खा मीरा रोड बघत राहील. नियम केला: तेरा बिल्डिंगा, प्रत्येकीतून सात बायका. भांडण नको. रांगा मात्र समान हव्यात. एकही बाई सुटी दिसली तर ते पथक नव्हे, बाजार.
संकल्प: आवाज चढवायचा नाही.

३ मार्च
मैदानात मोजणी. एक्क्याण्णव भरल्या. झाला घोळ! एक्क्याण्णवला दोनने भाग जात नाही. तीनने नाही (नऊ अधिक एक दहा, कसोटी मला पाठ आहे). पाचने नाही. म्हणजे मूळ संख्या. मूळ संख्येच्या समान रांगा होत नाहीत. एकच लांबलचक रांग करा, नाहीतर घरी जा. पाचच्या पुढे तपासायची गरज नसते. तीस वर्षं अकाउंट्समध्ये काढलीत, मला कोणी शिकवू नये.
आवाज चढला. मैदान मोठं आहे म्हणून.

४ मार्च
तीन नंबर बिल्डिंगची मार्सेलिन म्हणाली, अंकल, एकेक बिल्डिंग एकेका रांगेत उभी करू. साफ नाही म्हटलं. बिल्डिंगवार म्हणजे राजकारण. गणितात बिल्डिंग आणू नये.
उपाय एकच. एक बाई कमी. नव्वद! नव्वद म्हणजे देवमाणूस. दोन, तीन, पाच, सगळ्यांशी पटतं. पण कोणाला काढणार? जिला काढेन तिचा नवरा माझ्या अंगावर येणार.
अपवाद फक्त एक.

५ मार्च
द्वारकाला काढलं. स्वतःच्या बायकोलाच काढल्यावर पक्षपाताचा आरोप कोण करेल? ती खारीगावची. शाळेत असल्यापासून लेझीम खेळतेय, पथकात तिच्याइतकं कुणालाच येत नाही, हे मलाही माहीत आहे. पण नेत्याला मन घट्ट करावं लागतं. ती उठून स्वयंपाकघरात गेली. समजूतदार आहे.
जेवण: दहीभात.

८ मार्च
दहीभात.
आमच्या बिल्डिंगच्या उरलेल्या सहाजणी आल्याच नाहीत. द्वारकाकाकू नाहीत तर आम्हीही नाही, असा त्यांच्यातल्या रसिकाकडून निरोप. नका येऊ म्हणावं. राहिल्या चौऱ्याऐंशी. दोनने जातो, तीनने जातो, सहाच्या चौदा रांगा. उलट सोपं झालं.

१२ मार्च
मैदानात एकच बाई. मंदाताई. त्याही गुडघ्यासाठी चालायला आलेल्या. एक ही मूळ संख्या नसते, हे त्यांना समजावून सांगितलं. थांबल्या नाहीत.
पथकातल्या सगळ्या खाली पार्किंगमध्ये द्वारकाबरोबर सराव करतायत. वरपर्यंत ऐकू येतं. ताल बरा आहे. पाया मी घातलाय ना.

१५ मार्च
मोठेपणा घेतला आणि पार्किंगमध्ये गेलो. द्वारकाला म्हटलं, चल, झालं गेलं विसरलो. तुम्ही एक्क्याण्णव, पुढे मी उभा राहतो, ब्याण्णव. ब्याण्णवला दोनने भाग जातो.
तिने समोर बघायला सांगितलं. बिल्डिंगवार रांगा उभ्या होत्या. मग म्हणाली,
"आमच्यात कोन उरत न्हाय. तुमी उरता."
तेरा बिल्डिंगांसमोर. लागलं. फार लागलं. तरी हसलो. राजीनामा तयार ठेवलाय, कोणी मागितला तर.

१९ मार्च, पाडवा
मला टेम्पोत बसवलंय. पर्स सांभाळायला. जबाबदारीचं काम आहे, ऐऱ्यागैऱ्याला देत नाहीत.
द्वारका पहिल्या रांगेत. काय खेळते ही! लग्नाला इतकी वर्षं झाली, एकदाही तिला सांगितलं नाही. आज सांगणार. श्रीखंड मिळालं तर.
पर्स अस्ताव्यस्त पडल्या होत्या, म्हणून नीट मांडल्या. सात-सात करून. तेरा ओळी झाल्या. एकही उरली नाही. सगळ्या उचलल्या, पुन्हा मांडल्या. पुन्हा तेच.
पर्सचं वेगळं असतं.