दाराबाहेरचा राक्षस

४ डिसेंबर १९७४
आज आणलं : मूगडाळ एक किलो, २.८०. कापूर, ३० पैसे. यांच्या झोपेच्या गोळ्या, ६.५०.
यांना कामावर जाऊन दीड महिना झाला. दसऱ्याच्या सुट्टीनंतर पहिल्याच पाळीत यांच्या हाताखालच्या भिवाची चार बोटं पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये गेली, तेव्हापासून. बोलत नाहीत. जेवतात, अंघोळ करतात, भिंतीकडे तोंड करून पडतात.

५ डिसेंबर
कंपनीने पुण्याहून मनाचे डॉक्टर बोलावलेत. शनिवारी कँटीनमध्ये सिनेमा दाखवून मग माणसांशी बोलणार. घरच्यांनीही यायचं. शेजारच्या अंबुबाई म्हणाल्या, "वेड्यांच्या डॉक्टरकडे सिनेमा फुकट? मग मीपण वेडी, वहिनी." तेव्हा राग आला. पोळ्या लाटताना हसू आलं.

७ डिसेंबर
जुना इंग्रजी सिनेमा. एक विद्वान मातीचा राक्षस घडवतो. राक्षसाने डोळे उघडताच विद्वान घाबरून दार लावून पळतो. पुढे राक्षस गावभर माणसं मारतो. मी रामरक्षा म्हणत बसले.
दिवे लागल्यावर डॉक्टरांनी एकेकाला विचारलं, "भीती कोणाची वाटली?" सगळे म्हणाले, राक्षसाची. यांच्या पाळीतला किसन म्हणाला, "आमाला तर सुपरवायझरची सवय हाय." हशा झाला. हे म्हणाले, "पळाला त्याची."
दीड महिन्यात पहिला शब्द!
डॉक्टर म्हणाले, "तो परत गेला असता तर?"
"राक्षसानं मारलं असतं."
"की नुसतं विचारलं असतं, का सोडून गेलास?"
हे उठून उभे राहिले. मग सगळ्यांसमोर सांगितलं — खंडेनवमीच्या पूजेला प्रेसची जाळी, हात आत जाऊ नये म्हणून असते ती, मीच काढली. परत बसवायची राहिली. भिवा दवाखान्यात होता, तिकडे फिरकलो नाही.


९ डिसेंबर
गोळी न घेता झोपले. सकाळी म्हणाले, "चिखलीला भिवाच्या घरी जाऊन त्याच्यासमोर उभा राहतो. हाकललं तर हाकललं."

१० डिसेंबर
जाळी का काढली, हे यांनी डॉक्टरांना सांगितलं नाही. मलाही कधी बोलून दाखवलं नाही. कुंकू जाळीला लावून काय उपयोग, आतल्या लोखंडाला लागलं पाहिजे, असं खंडेनवमीच्या सकाळी मीच बजावलं होतं.
भिवाच्या बायकोला, कस्तुराबाईंना, आज हे सगळं लिहून पत्र टाकलं. शेवटी लिहिलं : रविवारी आम्ही दोघं येतो. येऊ नये असं वाटत असेल तर तसं. पण उलट टपाली कळवावं.