गड्याच्या हातची दाढी

बाबा, तुमच्या गड्याचा मला अजून हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला सोपं जाईल. गावात सगळे त्यांना म्हाली म्हणत, आम्ही पोरं न्हावीकाका म्हणायचो, आणि तुम्ही एकटेच गड्या म्हणायचा. आईला तुम्ही कधी इतक्या गोड आवाजात हाक मारल्याचं मला आठवत नाही, मला तर सोडाच. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, माझ्याच केसांत आता पांढरं दिसायला लागलं. पुण्याला मी दाढीच्या रेझरची कार्ट्रिज डिझाइन करते, म्हणजे दांड्याच्या टोकाला बसवतात ती पात्यांची चपटी डबी. दाढी करताना माणसाला लागू नये, आग होऊ नये, यासाठी मला पगार मिळतो. आणि हे काम मी का धरलं असं कुणी विचारलं, की मी काहीतरी शहाण्यासारखं उत्तर देते. खरं उत्तर हेच, की मला त्या माणसाला हरवायचं होतं.

अनसिंगच्या आपल्या भाजीच्या वाडीत, मोटरच्या खोलीच्या सावलीत, तुम्ही उलट्या कॅरेटवर बसलेले आहात. सकाळची वांगी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, वाशिमच्या हर्रासात, भाजीच्या लिलावात, गेलीय, म्हणून तुम्हाला घटकाभर सवड आहे. काका ॲल्युमिनियमच्या वाटीत साबण फेसतात, तुमच्या गालांवर ब्रश फिरवतात आणि बोलायला लागतात. कुणाची सून माहेरी गेली, कुणाच्या विहिरीला पाणी लागलं, किन्हीराजा गावच्या सोयरिकीत जेवणावरून काय झालं. तुम्ही एक शब्द बोलत नाही. मान मागे टाकलेली, डोळे मिटलेले, तोंड अर्धवट उघडं, आणि गळ्यावर वस्तरा असताना तुम्ही चक्क घोरायला लागता. घरात मांजर गेलं तरी दचकून उठणारा माणूस. आई म्हणायची, याले झोप येत नाही, याच्या डोक्यात सदा मोटर चालू राह्यते. मी मेथीच्या वाफ्यात बसून तुमच्याकडे पाहत असायची. तुम्हाला असं निवांत आम्ही कुणीच कधी करू शकलो नाही, आणि काका ते बोलता बोलता करायचे.

बरं, हात तरी चांगला असावा. तुम्ही रागवाल, पण आता लिहितेच. काकांचा हात काही चांगला नव्हता. वस्तऱ्यापेक्षा त्यांची जीभ जास्त धारदार होती. हनुवटीखाली, जबड्याच्या कोपऱ्याला, कुठं ना कुठं ते कापायचेच. मग तुरटी घासायची, तिनं भागलं नाही तर वर्तमानपत्राचा कपटा चिकटवायचा, आणि तो लाल कपटा घेऊन तुम्ही दिवसभर वाडीत फिरायचा.

"लागलं की गड्या," तुम्ही डोळे न उघडताच म्हणायचा.

"लागलं तं लागलं. वांग्याचे काटे लागते तवा बोलतं काय तू?" आणि दोघंही हसायचे. आईच्या हातून भाजीत मीठ जास्त पडलं, तर तुम्ही असे हसला नाहीत हो कधी.

त्यातही मला सगळ्यात खुपायचं ते पुढचं. दाढी झाली की तुमचा गाल मऊ व्हायचा. मला त्यावरून एकदा हात फिरवून पाहायचा असायचा, आणि मी धावत जवळ आले की तुम्ही दोन्ही हात आडवे करायचा. "शिवू नको माय, आंघोळ व्हायची हाये." दाढी केलेल्या माणसाला आंघोळीआधी शिवायचं नाही, ही आपल्याकडची रीत. तुम्ही मोटरच्या पाइपाखाली डोकं धरायचा, तिथूनच सदरा चढवून सायकलवर टांग मारायचा, आणि संध्याकाळी घरी याल तोवर गालावर पुन्हा खुंट उगवलेले. तुमची दाढीच तशी राठ होती. म्हणजे मऊ गालाचे बाबा जे काही होते ते काकांच्याच वाट्याला, आणि घासणारे आमच्या. रीत कुणी केली मला ठाऊक नाही, पण न्हाव्याच्या बाजूनं केली असणार.

कंपनीत आमच्याकडे एक खोली आहे, तिच्यात आरसा आहे आणि आरशामागे आम्ही. माणसं येऊन दाढी करतात, आम्ही पाहतो, टिपून घेतो. कुणी गाल फुगवतो, कुणी नाक बोटानं वर उचलतो, कुणी मानेपाशी आला की श्वास रोखून धरतो. इतक्या परक्या पुरुषांचे ओले चेहरे मी पाहिले, की तुमच्या काळात हे ऐकून आईनं मला घरी बसवलं असतं. त्यातून कळलं ते एवढंच, की माणूस दाबतो. केस राहिला असं वाटलं की जास्त दाबतो, मग दोन पात्यांच्या मधून कातडी वर फुगते आणि पातं तिला सोलतं. आमचं सगळं डोकं तिथंच चालतं. पाती जवळजवळ बसवायची, पुढं रबराच्या बारीक रेघा द्यायच्या म्हणजे त्या कातडीला आधी ताणून धरतात, रेझरच्या डोक्याखाली स्प्रिंग अशी ठेवायची की ते गालाबरोबर वाकेल, आणि माणसानं कितीही दाबलं तरी भार रबरावर जावा, पात्यावर जाऊ नये. केसाच्या जाडीएवढ्या फरकावरून आम्ही महिनोन् महिने भांडतो. सोबतचे विचारतात, मॅडम, तुम्हाला एवढी राठ दाढीच का लागते चाचणीला, आणि मी म्हणते, बाजारपेठ मोठी आहे.

मी जिच्यावर काम केलं अशी पहिली कार्ट्रिज घेऊन आले, तो तुमचा शेवटचा हिवाळा होता. हृदयाचं ऑपरेशन होऊन तुम्ही घरी आला होता, खाटेवर उशाला टेकून बसला होता, गाल खुंटांनी भरले होते. मी पाणी कोमट केलं, टॉवेल आणला, नवा रेझर ताटलीत ठेवला. मला वाटलं होतं, आता काही मोटरची खोली नाही, कॅरेट नाही, आता तुम्ही माझ्या तावडीत आहात.

"बाबा, आज मी करू काय दाढी?"

"कायले? गड्या येऊन राह्यला."

"त्यायच्या वस्तऱ्यानं लागते. यानं लागत नाही."

"असू दे. थे ठेव तिकडे देवळीत. तुया कामाचं हाये, खराब होईन."

काका आले. त्यांनी नेहमीप्रमाणे बडबड केली आणि नेहमीप्रमाणे कापलं. रक्त पातळ करायची गोळी चालू होती, ते काही थांबेना. कापूस मी धरला, चहा त्यांनी घेतला. आणि तुम्ही मान वर करून मला म्हणालात, त्याच्या चहात साखर कमी पडली वाटते, पाहाय बरं. त्या क्षणी मला तुमचाही राग आला होता, बाबा. पाणी निवून गेलं, ते मी तुळशीत ओतलं.

तुम्ही गेलात तेव्हा दहाव्याला दादाचं डोकं आणि मिशी काकांनीच उतरवली. बायका नदीवर जात नाहीत, मी घरी कणीक मळत होते. दादानं येऊन सांगितलं, काका असे रडले की चार जणांनी त्यांना धरलं, वस्तरा हातातून काढून घ्यावा लागला. घरभर सगळे हळहळले. मी मात्र तशीच कणीक मळत राहिले आणि मनात म्हटलं, घ्या, रडण्यातही हे माझ्या पुढे.

मागच्या आठवड्यात गावी गेले होते. नवी कार्ट्रिज तयार होतेय, राठ दाढीसाठीच, आणि उन्हातान्हात राबलेल्या कातडीवर ती वापरून पाहायची होती. दादाच्या अंगणात वाडीवाले, शेतकरी, ओळखीपाळखीचे जमले. एकेकाला रेझर दिला, कसा वापरायचा ते दाखवलं. सगळे गेल्यावर फाटकाशी काका उभे होते. त्यांच्या पोराचं वाशिमला फिरत्या खुर्च्यांचं सलून आहे, तो महिनोन् महिने फिरकत नाही. काकांचे दोन्ही हात आता कापतात. पांढरी दाढी छातीकडे निघाली होती.

"आमाले नाही काय एखादं?" ते म्हणाले.

मी एक पुढं केला. त्यांनी तो हातात घेतला आणि परत दिला. "माह्यानं नाही होत आता. तूच करून दे न बाई."

वहिनीनं पदराआड हसू दाबलं आणि आत जाऊन गरम पाणी आणलं. मी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, आधी कात्रीनं दाढी कापून बारीक केली, मग फेस लावला. इतक्या वर्षांत कार्ट्रिज मी बनवल्या, पण दुसऱ्याच्या गालावर ती फिरवायची वेळ पहिलीच. कल्ल्यापासून सुरू केलं. ते गप्प होते, हे मला विचित्र वाटलं. म्हणून मीच विचारलं, जे मला कधीचं विचारायचं होतं.

"काका, दाढी करताना बाबा काय बोलत तुमच्यासंगं?"

"थो कायचा बोलते? थो तं झोपे. बोलो मीच."

"मायाबद्दल काही?"

त्यांनी आठवून पाहिलं. खोटं बोलायची त्यांना सवय नाही, हे मान्य करावं लागेल. "एकडाव म्हने. तू थे मशीन घेऊन आली होती पाय, तवा, तू चहा ठेवाले आत गेली तं. मी म्हनलं, पोरगी एवढी म्हनून राह्यली तं करू दे न. तं म्हने, नाही गड्या, गोळ्यायनं माह्यं रक्त थांबत नाही. तिच्या हातानं जराकबी लागलं तं थे पोरगी जन्मभर मनात घेऊन बसन. तू कापलं तं तुले काही वाटत नाही." आणि काका फेसातून हसले. "आन खरंच बाई, मले काही वाटे नाही."

वहिनीनं डोळे पुसले. दादा उगाच फाटकाची कडी लावायला गेला. आता मीही रडावं आणि माझ्या मनातलं सगळं धुऊन निघावं, असं दोघांना वाटत असणार. तसं झालं नाही. मला आतून असा संताप आला की हात थांबवावा लागला. बाबा, ते वाक्य माझं होतं. माझ्यासाठी तुम्ही जन्मात एकदा काहीतरी बोललात आणि तेही त्यांच्याजवळ बोललात. त्यांनी ते वस्तरा-तुरटीच्या पेटीत टाकलं आणि विसरून गेले, आणि मी मात्र इतकी वर्षं त्याच्यावाचून काढली. मी मनात घेऊन बसले असते, हे खरं आहे. बसले असते तर बसले असते, ते माझं मी पाहिलं असतं. न कापताही जन्मभर काहीतरी घेऊन बसलेच की मी. तुम्ही मला जपलंत, आणि हसायला, झोपायला, रक्त सांडायला त्यांना निवडलंत. जपलेल्या माणसाला काय मिळतं हो? ताटलीतलं निवलेलं पाणी.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून राहिलेलंही लिहून टाकते. बोलून झाल्यावर काकांनी मान मागे टाकली, डोळे मिटले, आणि थोड्या वेळानं ते घोरायला लागले. अगदी तुमच्यासारखे, तोंड अर्धवट उघडं टाकून. त्यांचा गळा माझ्या हाताखाली होता. जबड्याच्या कोपऱ्याशी, जिथं ते तुम्हाला नेहमी कापायचे, तिथं मी रेझर दाबला. चुकून नाही. एक थेंब तरी यावा म्हणून, मुद्दाम. आला नाही, म्हणून पुन्हा दाबला, चांगला जोर लावून. रबर दबलं, रेझरचं डोकं वाकलं, पाती कातडीवरून नुसती सरकत गेली. काकांना जागही आली नाही. मी टॉवेलनं फेस पुसला आणि त्या जागी बोट फिरवून पाहिलं, कुठं ओरखडासुद्धा नव्हता.

तुम्हाला लागलं नसतं, बाबा.