भिंतीवरची बंदूक नक्की कुणाची?

थून, ३ मार्च १९९४

तीर्थस्वरूप बाल्त्सकाका यांस,

उर्बानचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

काका, मी अखेर बंदूक घेतली! जुन्या लष्करी सामानाच्या बाजारात तुमच्या वेळच्या कॅराबिनर बंदुका रांगेनं मांडल्या होत्या. मी मुद्दाम सगळ्यांत खरवडलेल्या दस्त्याची उचलली. विकणारा म्हणाला, शिपाई बुटांतला बर्फ झाडायला दस्ता वापरायचे, म्हणून तो असा दिसतो. नळी आतून लख्ख आहे. ग्रीस मात्र इतकं, की घरमालकिणीनं नाक धरून विचारलं, मी कुणाचं प्रेत आणलंय का.

घरी येऊन दस्त्यामागच्या लोखंडी पट्टीचे दोन स्क्रू काढले. त्या पट्टीखाली शिपाई आपल्या नावाची चिठ्ठी ठेवतात हे तुम्हीच मला सांगितलं होतंत. चिठ्ठी निघाली आणि ती वाचून मी पलंगावर बसलो. फ्युजिलियर शिपाई बाल्टझार गिस्लर, श्पिरिंगेन, जन्म १९२३.

म्हणजे ही तुमची बंदूक! मग तुमच्या बैठकीत शेगडीच्या वर टांगलेली, जिनं तुम्ही एक्कावन्न सालच्या नेमबाजीत मुकुट जिंकलात, ती कुणाची? जरा दोन स्क्रू काढून बघा ना. काकूंना नमस्कार. राग नसावा, असला तर कमी असावा.

आपला,
उर्बान


श्पिरिंगेन, ८ मार्च

चि. उर्बान यास,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र वाचून माझा पाइप विझला.

आमच्या खोऱ्यात दगड भिरकावला तर तो एखाद्या गिस्लरच्याच डोक्यात बसतो. त्यातले निम्मे बाल्टझार. दुसरा कुणी असेल. माझी बंदूक माझ्या भिंतीवर आहे. ती मी बंद डोळ्यांनी खांद्याला लावून ओळखतो. ज्या बंदुकीनं मुकुट मिळवून दिला, तिच्या मागची पट्टी उघडून बघणं म्हणजे लग्नाच्या बायकोकडे जन्मदाखला मागणं. मी हे करणार नाही, तूही पुन्हा सुचवू नकोस.

शहरात राहून तुला रिकामटेकड्या शंका सुचू लागल्या आहेत. ग्रीस रॉकेलनं काढ. आणि काकूला यातलं काही कळवू नकोस, तिला आधीच सांधेदुखी आहे.

लोभ आहेच, आगाऊपणा आवर.

तुझा काका,
बाल्त्स


श्पिरिंगेन, १० मार्च

चि. उर्बान यास,

काकूचे आशीर्वाद. या घरात पोस्टमन पत्र माझ्या हातात देतो, हे तुझा काका लग्नानंतर इतक्या वर्षांनीही विसरतो.

काल गाय व्यायली. तो गोठ्यात अडकलेला होता. मी स्टुलावर चढले, बंदूक काढली आणि चीजच्या सुरीनं ते दोन स्क्रू फिरवले. आतली चिठ्ठी माझ्या भावाच्या अक्षरात होती. फ्युजिलियर माइनराड आर्नोल्ड. मी आधी पोट धरून हसले आणि मग एप्रनला डोळे पुसले.

तुला अर्धवटच ठाऊक असेल, म्हणून सांगते. एक्कावन्न साली नेमबाजीत शेवटी हे दोघंच उरले होते. काकानं मुकुट नेला. हरल्यावर माइनराड सगळ्यांसमोर म्हणाला, की बाल्त्सनं माझ्या बंदुकीच्या नळीवरची नेमाची माशी वाकवली. काका म्हणाला, वाकडी आहे ती तुझी मान. त्या दिवसापासून माझा सख्खा भाऊ, दीड तासाच्या चालीवर राहणारा, माझ्या घरात आलेला नाही. चर्चमध्ये आम्ही दोघं मानेनं नमस्कार करतो, एखाद्या टपालवाल्याला करावा तसा.

त्या दुपारी सगळ्यांच्या बंदुका खानावळीतल्या एकाच लाकडी घोडीला टेकून उभ्या होत्या. सूप संपवून दोघं घाईनं धावले असणार आणि हाताला लागेल ती उचलली. मी ती चिठ्ठी काकाच्या कॉफीच्या बशीत ठेवली. त्यानं कॉफी संपवली. मग म्हणाला, माइनराडची बंदूक खरोखरच चांगली निघाली.

तू ईस्टरला बंदूक घेऊन ये. मला माझा भाऊ परत हवा आहे रे, बाकी काही नको.

तुझी काकू,
क्रेसेंझ


श्पिरिंगेन, १४ मार्च

श्री. माइनराड आर्नोल्ड, मेव्हणे यांस,

नमस्कार. कागदपत्रांवरून असं दिसतं, की एक्कावन्न साली आपण एकमेकांच्या बंदुका वापरल्या. तेव्हा मुकुटात तुमच्या बंदुकीचा वाटा मी मान्य करतो. नेम माझा होता, हे तुम्ही मान्य करावं.

दुसरं असं, की जिला तुम्ही त्रेचाळीस वर्षं वाकडी म्हणालात ती माझी बंदूक होती. ते तिच्या मनाला लागलं असणार. ईस्टरला ती इथं येत आहे. समक्ष येऊन तिची माफी मागावी.

आपला,
बा. गिस्लर


उंटरशेखेन, १८ मार्च

श्री. बाल्त्स यांस,

नमस्कार. बंदुकीची माफी मागेन. तुमची नाही. चीज मी घेऊन येईन, तुमच्याकडचं मी एक्कावन्न सालापर्यंत खाल्लेलं आहे.

क्रेसेंझला सांगणे, की मी येतो आहे.

माइनराड


श्पिरिंगेन, १७ एप्रिल, रविवार

चि. उर्बान यास,

आशीर्वाद. तू रिकाम्या हातानं थूनला परत गेलास याचं मला वाईट वाटतं. पण त्या दोघांनी बंदुकांची अदलाबदल करताना तुला कुणी विचारलंच नाही. घरमालकीण तरी खूश असेल.

तेव्हापासून दोघं रोज कुरणात नेम धरतात. माइनराड म्हणतो, आपलं हत्यार ते आपलं, हाताला लगेच कळतं. काका म्हणतो, आपण तरुणपणी काय होतो ते आता उमगलं. गोळ्या कुठं जातात ते गायींना विचार, त्या पलीकडच्या उतारावर गेल्या आहेत.

आता हे फक्त तुला. परवा कपाट आवरताना काकाचं लष्कराचं जुनं पुस्तक सापडलं. त्यात त्याच्या बंदुकीचा नंबर लिहिलेला असतो. दरवर्षी तपासणीला साहेब तो ताडून बघायचा, आणि हे त्या दोन गाढवांपैकी एकालाही आठवलं नाही. मी चष्मा लावून ताडून पाहिला. जी त्रेचाळीस वर्षं भिंतीवर होती ती काकाचीच. तुझी होती ती माइनराडची; नोकरी संपल्यावर त्यानं रागानं डेपोत परत केलेली. बदलल्या त्या फक्त चिठ्ठ्या. दोघं भरतीपासून एका बाकावर बसून बंदुका साफ करायचे, गप्पा मारत आणि चेरीची दारू, किर्श, पीत; तिथंच कधीतरी एकाची चिठ्ठी दुसऱ्याच्या पट्टीखाली गेली असणार. म्हणजे काका आपल्याच बंदुकीनं जिंकला, माइनराड आपल्याच बंदुकीनं हरला, आणि आता या वयात प्रथमच दोघांकडे एकमेकांची बंदूक आहे.

मी पुस्तक हातात धरून स्वयंपाकघरात उभी राहिले. बैठकीत माइनराड ओरडत होता, की सूप कधी मिळणार, आणि आईच्या सुपाची अशी वाट बघावी लागत नसे.

म्हणून पुस्तक चुलीत घातलं. छान जळलं. सूप त्याच्यावरच उकळलं, आणि माझ्या भावानं दोनदा मागून घेतलं.

माया असू दे, आणि तोंड बंद असू दे.

तुझी काकू,
क्रेसेंझ