दोन कोऱ्या ओळी

बाबा, उद्या सकाळी मी बॉस्टनला जाणार आहे. एका वकिलांच्या कचेरीत आमच्या कंपनीच्या भागधारकांची सभा आहे आणि तिथे मला माइकसमोर दोन मिनिटं मिळणार आहेत. ‘आमची कंपनी’ म्हटल्यावर तुमची भुवई वर गेली असेल. कंपनी माझी नाही, तिचे थोडे शेअर माझे आहेत, पण इथे सगळे भागधारक असंच बोलतात, जणू खाली उतरून दगड आपणच फोडतो. आफ्रिकेतल्या एका देशात एका टेकडीखाली, गाड्यांच्या बॅटरीला लागतं ते खनिज आहे. ते शोधण्याचा परवाना आमच्या कंपनीला मिळाला होता. शोधलं, सापडलं, आणि ते काढण्याचा परवाना मागितला तेव्हा तिथल्या मंत्रालयाने कळवलं की तुमच्या आधी दुसऱ्या एका कंपनीचा अर्ज आलेला आहे. ही दुसरी कंपनी मंत्र्याच्या मेहुण्याची. तिची कचेरी एका ब्यूटी पार्लरच्या वरच्या मजल्यावर, आणि खाणीचा अनुभव विचाराल तर पार्लरमध्ये मुलतानी माती वापरत असतील तेवढाच.

गेली दोन वर्षं मी चिडलेली आहे. तुम्ही म्हणाल, त्यात नवीन काय. पण हे चिडणं मी नोकरीसारखं केलं. मी श्रूजबरीत राहते, वूस्टरच्या शेजारी. समोरच्या घरात नागपूरची एक मैत्रीण राहते. नवरा गेल्यावर मिळालेल्या विम्याच्या पैशातला मोठा भाग तिने माझ्या सांगण्यावरून याच कंपनीत घातला. तिच्या किचनमध्ये बसून आम्ही दोघींनी खासदारांना पत्रं लिहिली, मंत्रालयाला लिहिली, वर्तमानपत्रांना लिहिली. ती चहा करायची, मी विशेषणं घालायची. गणपतीच्या कार्यक्रमात एका गृहस्थांनी प्रसादाची वाटी हातात धरून मला समजावलं, “अहो काकू, आफ्रिकेत हे असंच चालतं. तुम्ही कशाला बीपी वाढवता?” मी म्हटलं, “आणि तुमच्या वडिलांना त्या काळात सिमेंटचा कोटा काय लॉटरीत लागला होता?” त्यांनी शिरा अर्धा टाकला. मैत्रीण घरी येताना गाडीत म्हणाली, “तुला ना, कॉन्व्हेंटातल्या त्या नन्सनी इंग्रजी शिकवायच्या आधी तोंड बंद ठेवायला शिकवायला हवं होतं.” प्रयत्न केला होता त्यांनी. वर्गाबाहेर उभी केली की मी खिडकीतून उत्तरं द्यायची.

मग कंपनीच्या पत्रकात एक फोटो आला. भांडण लवादापुढे गेलं होतं आणि तिथे पुरावा म्हणून त्या मंत्रालयाच्या आवक नोंदवहीचं एक पान दाखल झालं होतं. हातचं लिखाण, आडव्या ओळी, डावीकडे क्रमांक. सगळ्यांनी तो फोटो पाहिला आणि पान उलटलं. मी तो कॉम्प्युटरवर मोठा केला आणि बघतच राहिले. पानाच्या तळाला, शेवटच्या दोन ओळींत, मेहुण्याच्या कंपनीचा अर्ज, पुढच्या पानावरच्या आमच्या अर्जाच्या आधी. अक्षर तेच, शाई वेगळी. आणि क्रमांक आधीच्याच अर्जाचा, पुढे फक्त एक ‘ए’ जोडलेला. मला कोणी काही समजावून सांगायची गरजच नव्हती. मी तुमची मुलगी आहे.

शनिवारी आमच्या शाळेला अर्धी सुट्टी असायची आणि आई तिच्या भजनाला गेलेली असली की मी पिनाफोरमध्येच तुमच्या कचेरीत यायची. जिल्हा कचेरीच्या मागच्या अंगाला खनिकर्म शाखेची ती एक खोली. डिंकाचा वास, खिडकीत सुरई, आणि तुमच्या टेबलावर माझ्या हातांपेक्षा रुंद नोंदवही. खाणीसाठी अर्ज आला की तुम्ही त्याला क्रमांक देता, तारीख घालता, वेळ घालता. मी विचारते, वेळ कशाला? तुम्ही सांगता, “दगड कुठे जात नाही. आधी कोण आलं, त्याला तो मिळतो. आणि आधी कोण आलं हे फक्त ह्या वहीला माहीत असतं.” काम संपलं की पानावर उरलेल्या कोऱ्या ओळींवर तुम्ही लाल शाईने तिरकी रेघ मारता, खाली सही करता, आणि मगच वही कपाटात जाते. मला ती रेघ मारायला फार आवडली असती. तुम्ही कधी मारू दिली नाही.

अशाच एका शनिवारी पांढरा बुशशर्ट घातलेले एक ठेकेदार आले होते. चुनखडीच्या खाणपट्ट्यासाठी त्यांना अर्ज करायचा होता, कागद तयार नव्हते, आणि दुसरा कोणीतरी सोमवारी अर्ज घेऊन येणार हे त्यांना कळलं होतं. माझ्या हातात त्यांनी रंगीत पेन्सिलींचा डबा ठेवला, परदेशी, छत्तीस रंगांचा. मी शाळेत शिकवलं होतं तसं गुडघा किंचित वाकवून “थँक यू, अंकल” म्हटलं. तुम्ही मान वर न करता म्हणालात, “परत दे.” मला वाटलं तुम्ही विनोद करताय. “परत दे, म्हटलं ना.” ते गृहस्थ हसत होते. “लेकराला काय त्याचं, साहेब. आजच्या पानावर खाली दोन ओळी राहू द्या, बस.” मी डबा परत दिला आणि रडत रडत म्हटलं, “द्या की मग. कोऱ्याच तर आहेत!” तुम्ही त्यांच्यादेखत रेघ मारलीत. नेहमीपेक्षा सावकाश. घरी येताना माझं बोट धरून फक्त एवढंच म्हणालात की आज तू जे बोललीस ते पुन्हा माझ्या ऐकण्यात येऊ देऊ नकोस.

पुढच्या तीन महिन्यांत तुमची बदली झाली, एसटी दिवसातून एकदाच जायची अशा ठिकाणी. माझी शाळा सुटायला नको म्हणून आई आणि मी मागे राहिलो. तुम्ही पंधरा दिवसांनी यायचात, धुळीने पांढरे झालेले. आई तुमच्या ताटात भाकरी वाढताना भिंतीकडे बघून म्हणायची, “दोन ओळींपायी घराचे दोन तुकडे केले.” तुम्ही जेवत राहायचात. मला आईचं पटायचं. नुसतं तेव्हा नाही, नंतरही कितीतरी वर्षं. इथे आल्यावर औषधांच्या कंपनीत क्वालिटी तपासणीच्या विभागात नोकरी लागली, तेव्हा पहिल्याच दिवशी सुपरवायझर बाईंनी शिकवलं की बॅचच्या कागदावर कोरी जागा ठेवायची नाही, रेघ मारायची, सही करायची, तारीख घालायची. मी म्हटलं, येतं मला. तीस वर्षं ते केलं. पण तुम्हांला पत्र लिहून सांगितलं नाही, आणि मग तुम्ही गेलात.

तर आता ह्या सभेचं. दोन महिन्यांपूर्वी कंपनीने कळवलं की तडजोड झाली आहे. परवाना आम्हांला मिळणार, मेहुण्याच्या कंपनीला खाणीत पाचवा हिस्सा फुकट मिळणार, आणि एकमेकांवरचे सगळे आरोप दोन्ही बाजू मागे घेणार. नोंदवहीतला गोंधळ ही ‘कारकुनी चूक’ होती असं दोघांनी मिळून लिहून दिलं आहे. भागधारकांनी फक्त ‘हो’वर खूण करायची. आमच्या भागधारकांच्या ग्रुपवर पेढ्यांची चित्रं यायला लागली. मी मात्र त्या दोन शब्दांशी अडकले. कारकुनी चूक. कोणाची? कंपनीच्या माहिती विभागात फोन केला. पलीकडचा तरुण अगदी गोड आवाजात म्हणाला, “मॅडम, दॅट्स अ व्हेरी ग्रॅन्युलर क्वेश्चन.” म्हणजे फार बारीक, दाण्याएवढा प्रश्न. मी म्हटलं, “बेटा, साखरसुद्धा ग्रॅन्युलरच असते, तिला मुंग्या लागतात.” त्याला अर्थातच कळलं नाही. त्याने मला हॅव अ वंडरफुल डे दिला.

मग मी जे करायला हवं होतं ते केलं. लवादाच्या साइटवरून सगळे कागद उतरवून घेतले आणि वाचले, जोडपत्रांसकट. ती वही लिहिणारी एक बाई आहे. माझ्याहून वीसएक वर्षांनी लहान असेल. तिने साक्ष दिली आहे, साध्या वाक्यांत: मला साहेबांनी खाली दोन ओळी सोडायला सांगितलं, मी सोडल्या, नंतर मला त्या भरायला सांगितलं, मी भरल्या. कंपनीने पत्रकात, ती कोण हे न सांगता, एवढंच छापलं होतं. पण तिची साक्ष पुढे चालू राहते. ती म्हणते, असं मला दोनदा सांगण्यात आलं. पहिली वेळ त्याच्या चार वर्षं आधीची. तेव्हा टेकडीखालच्या गावकऱ्यांनी सहकारी संस्था काढून शोधाच्या परवान्यासाठी अर्ज आणला होता, आणि त्यांच्या वरच्या दोन ओळी आधीपासून राखून ठेवलेल्या होत्या. त्या ओळींत नंतर कोणाचं नाव गेलं, तर आमचं. ते पानही तिने जोडलं आहे. क्रमांकापुढे तोच ‘ए’. तिला आता नोकरीवरून निलंबित केलेलं आहे, आणि तडजोडीवर सह्या झाल्या की ‘चूक’ कायमची तिच्या नावावर.

मी दोन्ही पानं घेऊन समोर गेले. मैत्रीण मेथी निवडत होती. तिने चष्मा लावून ती पाहिली. “मग तू काय करणार?”

“उभी राहून विचारणार. दोन्ही पानांबद्दल.”

“अगं, तू हे सभेत बोललीस तर तडजोड फिसकटेल. शेअर मातीत जाईल.”

“जाईल.”

“म्हणजे सत्यवादी तू, आणि विमा माझ्या नवऱ्याचा!”

मी पानांची घडी घालून बाजूला ठेवली, बाबा. मला. तिने मेथीची जुडी माझ्यासमोर सरकवली आणि आम्ही दोघी निवडत बसलो. थोड्या वेळाने म्हणाली, “मी ‘हो’वरच खूण करणारे. चिडू नकोस.” मी म्हटलं, “नाही चिडत. कर.” “आणि तू बोल. पण ती जांभळी साडी नेसून जाऊ नकोस, तीत तू भांडखोर दिसतेस.”

मुलीला फोनवर सांगितलं. ती जन्मली इथेच, वाढली इथेच, आणि तिला कायद्याचं कळतं. “आई, दे आर गोइंग टू स्यू यू.” मी म्हटलं, “करू देत दावा. माझी एकवीस वर्षांची टोयोटा घेऊन जा म्हणावं.” ती हसली, मग म्हणाली, “लिहून काढ आणि मोठ्याने वाच. टू मिनिट्स इज नथिंग.” तसं लिहून काढलं आहे. घड्याळ लावून वाचलं तर एक मिनिट पन्नास सेकंद होतात. पहिला प्रश्न, चुकीचं खापर त्या बाईवर फोडणारं वाक्य कोणी लिहिलं. दुसरा, आपल्या नावासाठी ओळी कोणी राखून ठेवायला सांगितल्या, आणि त्याबदल्यात काय दिलं. आणि शेवटी, मी ह्या तडजोडीला नाही म्हणते आहे आणि तुम्हीही म्हणा. बहुतेक कोणी म्हणणार नाही. मोठे भागधारक आधीच मत देऊन मोकळे झाले असतील. पण सभेत बोललेलं इतिवृत्तात लिहावं लागतं, आणि मी वकिलांच्या माणसाकडून ते लिहून घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठणार नाही. सकाळी सातला निघते. हिमवर्षाव सांगितला तर सहाला.

हे पत्र कुठेच पाठवायचं नाही, म्हणून यातलं शेवटचं लिहिता येतंय. शेअर घेतले तेव्हा मैत्रिणीने मला विचारलं होतं, “बाकीच्या कंपन्या वर्षानुवर्षं खेटे घालतात म्हणे, मग ह्यांना शोधाचा परवाना दोन महिन्यांत कसा मिळाला गं?” आणि मी मोठ्या ऐटीत म्हटलं होतं, “ह्यांची वरपर्यंत पोच आहे. म्हणून तर घ्यायचे.” ती त्यावर विसंबली. मला तेव्हाच माहीत होतं, बाबा, वरपर्यंत पोच म्हणजे कोणाच्या टेबलापर्यंत. मी मुद्दामच पुढे विचारलं नाही.