निनावी पत्रे वाचली जात नाहीत

प्रिय ओळंबा,

या नावानं तुला हाक मारणारं आता कुणी उरलं असेल असं वाटत नाही. भिंत सरळ आहे का ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून खाली सोडतात, तसा तू होतास. उंच, किडकिडीत आणि जागचा न हलणारा. नाव मीच ठेवलं होतं. त्याच्या बदल्यात तू मला लाल पेन्सिल म्हणायला लागलास, कारण तू लिहिलेल्या चिठ्ठ्यासुद्धा मी दुरुस्त करून परत द्यायची. चाळीस वर्षांनी माझं पत्र आलं म्हणून तुला भरून वगैरे येणार असेल तर आवर. मी रागावलेली आहे. कुणाकुणावर, ते शेवटपर्यंत वाचलंस तर कळेल.

आमचे नाना गेले हे तुला माहीत आहे. तुला ते माहीत आहे, हे मला मात्र परवा कळलं. नानांवरच्या विशेषांकासाठी आमच्या कचेरीत अंकांचं टपाल बघणाऱ्या बाईंकडे सर्वांत जुन्या वर्गणीदारांची यादी मागितली. तिसऱ्या ओळीत कुठलीशी बांधकाम सल्लागार कंपनी, चाळीस वर्षांत एकदाही खंड नाही, आणि पत्ता तुझ्या मावशीच्या घराचा. म्हणजे आमचं वर्तमानपत्र रोज तुझ्या दारात पडत होतं. नानांच्या जागी मी बसले त्यालाही बावीस वर्षं झाली. माझे अग्रलेख तू वाचत होतास आणि एका शब्दानं कळवलं नाहीस. निदान एखादी शिवी तरी पाठवायचीस! लग्न मी केलं नाही, आणि त्याचं श्रेय तुला देणार नाही. वेळ मिळाला नाही, एवढंच.

आता इथलं सांगते. माझा धाकटा भाऊ, जो तुला खिडकीतून कागदाचे बोळे मारायचा, तो वकील झालाय, ढेरपोट्या झालाय आणि पुढची निवडणूक लढवणार आहे. त्याच्या डोक्यातून निघालंय की नगर वाचनालयाला नानांचं नाव द्यायचं आणि आत काचेच्या कपाटात त्यांचे कागद मांडायचे. ठराव झाला, पाटी रंगून आली, पुढच्या महिन्यात समारंभ आहे. कागद लावायचं काम अर्थातच माझ्यावर आलं. दोन महिने मी धूळ खाते आहे. चव्वेचाळीस वर्षांचं संपादकपद, त्यातली बारा वर्षं नगराध्यक्षपद, आणि दोन्हीकडचे कागद एकाच टेबलाच्या खणांत. खुर्च्या दोन होत्या, टेबल एकच होतं. तेव्हा आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. नाना पहाटे खालच्या वस्तीत जाऊन स्वतः नळ उघडून बघायचे, पाणी आलं नसलं की तीच बातमी स्वतःच्या नगरपालिकेविरुद्ध पहिल्या पानावर छापायचे. हे सगळं खरं आहे. कपाटात ते जरूर ठेवावं. पण ज्या वाचनालयाला नाव देताहेत तेच नाना नगराध्यक्ष असताना पडलं होतं, हे एकाही भाषणात येणार नाही. सहाही भाषणं मी वाचली आहेत. तीन मलाच लिहायला लावली होती.

त्या मंगळवारी दुपारी मागची भिंत बसली, तेव्हा आत खिळेकाका होते. तीस वर्षं आमच्या छापखान्यात शिशाचे खिळे जुळवले त्या माणसानं. मला उलटी अक्षरं वाचायला त्यांनीच शिकवली. जेवणाच्या सुट्टीत ते वाचनालयात जाऊन बसायचे. दिवसभर उलटं वाचतो बाई, तासभर सुलटं वाचू दे, असं म्हणायचे. त्या दिवशीही जाताना चष्मा पुसत तेच म्हणाले. विटांखालून त्यांना काढलं तेव्हा चष्मा तेवढा शाबूत होता.

पुढचं तुला पाठ असेल. नगरपालिकेचा ओव्हरसियर म्हणून चौकशीत तुला उभं केलं. आधी कुणाला सांगितलं होतंस का, असं विचारलं. इंजिनिअर साहेबांना तोंडी सांगितलं होतं, असं तू म्हणालास, आणि साहेबांना काही आठवेना. मी तिथेच तिसऱ्या रांगेत बसले होते. त्यापुढे तू गप्प. नोकरी गेली, तू गावातून गेलास. त्याआधी, भिंत पडल्यावर तिसऱ्याच दिवशी, नानांनी तुझ्यावर अग्रलेख लिहिला होता. त्याचं मुद्रित मी तपासलं. 'निष्काळजी' हा शब्द मला मवाळ वाटला, म्हणून मी तो खोडून 'बेजबाबदार' घातला. तुझी दोन पाकिटं आली, ती न उघडता परत केली. खिळेकाका माझे होते. मला कुणावर तरी रागवायचं होतं आणि तू जवळ होतास.

आठवड्यापूर्वी टेबलाच्या तळच्या खणात एक पाकीट निघालं. वर 'किरकोळ' असं लिहिलेलं. आत एकच कागद होता, नकाशावर लिहितात तशा सुट्या, उभ्या अक्षरांत. वाचनालयाच्या मागच्या भिंतीला तीन भेगा आहेत. भेगांवर सहा काचपट्ट्या चिकटवल्या होत्या, त्यांपैकी चार पंधरा दिवसांत तडकल्या, म्हणजे भिंत सरकते आहे. खोली ताबडतोब बंद करावी, वर्तमानपत्राने हे छापल्याशिवाय कुणी हलणार नाही. खाली भिंतीचं नेटकं चित्र, भेगांची मापं, तारखा. आणि नाव नाही.

सहा काचपट्ट्या! सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या त्या, कॉलेजच्या प्रयोगशाळेतून मीच तुला आणून दिल्या होत्या. कशाला हव्यात म्हणून विचारलं, तर म्हणालास, एक म्हातारी आजारी आहे, तिची नाडी बघायचीय. मी हसले आणि सायकलवर बसून निघून गेले. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून नकाशाच्या अक्षरांत लिहिलंस, कारण नगरपालिकेच्या नोकरानं वर्तमानपत्राला लिहिलं तर नोकरी जाते. मग नोकरी राहिली का रे? हातात हात घालून नदीकाठानं हिंडत होतास माझ्याबरोबर. तोंड उघडून एवढंच म्हणायचंस की आज टपालात एक पत्र येईल, ते वाच. आणि चौकशीत तरी सांगायचंस की लेखी कळवलं होतं, अमुक तारखेला, अमुक ठिकाणी. तुझं हे सोशीकपण मला तेव्हा कळलं असतं तर मी तुझ्या कानाखाली वाजवली असती. आताही तेच करावंसं वाटतंय.

कागदाच्या खाली निळ्या पेन्सिलीत नानांचा शब्द आहे, 'पाहिले'. भिंत पडली त्याच्या दुसऱ्या दिवसाची तारीख. म्हणजे पत्र वाचल्यावर, दुसऱ्याच दिवशी, त्यांनी तो अग्रलेख लिहिला. चित्र समोर ठेवून, मापं समोर ठेवून, तुला निष्काळजी म्हटलं. हे माझे वडील. यांच्या हाताखाली मी खरं लिहायला शिकले. मी आठवडाभर त्यांच्या खुर्चीत बसलेली नाही. स्टुलावर बसून अंक काढतेय, आणि उपसंपादकांना वाटतंय की माझी कंबर धरली आहे.

धाकट्यानं कागद बघितला. आधी गोड बोलून बघितलं. ताई, चार कागद कमी झाले तर इतिहासाला काय फरक पडतो, म्हणाला. मी म्हटलं, एकच आहे, चार नाहीत. मग म्हणाला, निदान समारंभ होईपर्यंत माझ्याकडे दे. मी म्हटलं, तुझ्याकडे दिलेली माझी छत्रीसुद्धा परत आलेली नाही. मग मात्र आवाज चढला. छापलंस तर नाव कुणाचं खराब होईल याचा नीट विचार कर, म्हणाला. मी त्याला दार दाखवलं. पण म्हणाला ते खोटं नव्हतं, आणि आता मलाही टाळाटाळ पुरे झाली.

नानांच्या निळ्या शब्दाच्या वर, त्या कागदावर आणखी काही लिहिलेलं आहे. लाल पेन्सिलीत. 'नाव नाही. बाद.' खाली माझी आद्याक्षरं, आणि भिंत पडायच्या नऊ दिवस आधीची तारीख. कचेरीच्या दाराशी पाटी होती ती तुला आठवत असेल, 'निनावी पत्रे वाचली जात नाहीत'. कॉलेज सुटल्यावर टपाल मीच फोडायची. आधी पत्राचा तळ बघायचा, नाव नसलं की लाल रेघ आणि तारेत टोचून ठेवायचं. अर्ध्या तासात चाळीस पत्रं, केवढा तोरा होता मला त्याचा! तारेचं भोक तुझ्या चित्रातल्या भिंतीच्या बरोबर मधून गेलं आहे. आणि 'पाहिले'च्या पुढे नानांनी आणखी एक ओळ लिहिली आहे, 'हिला कळता कामा नये.' धाकटा म्हणतो, बापानं तुला वाचवलं. मला वाचवलं की माझ्या आडून खुर्ची वाचवली, ते आता कुणाला विचारू? तूही म्हणूनच गप्प राहिलास ना? टपाल कोण फोडतं हे तुला माहीत होतं. तुम्ही दोघांनी मिळून, मला न विचारता, मला चाळीस वर्षं निर्दोष ठेवलंत. दोघांनाही मी ते माफ करणार नाही. तर आता काम. विशेषांकाचं पहिलं पान मी मोकळं ठेवलं आहे. डावीकडे तुझं पत्र चित्रासकट, उजवीकडे माझं, लाल पेन्सिल आणि निळी पेन्सिल दोन्ही सांगणारं. वाचनालयावर नानांची पाटी लावायची की नाही ते मग गावानं ठरवावं. पण नाव नसलेलं पत्र आम्ही छापत नाही. नियम नानांचा होता, आता माझा आहे, आणि तो मी तुझ्यासाठीही मोडणार नाही. मूळ कागद सोबत पाठवते आहे, कारण या घरात तो सुरक्षित नाही. खाली उजव्या कोपऱ्यात जागा आहे, चाळीस वर्षं मोकळी आहे. तिथे सही कर, पूर्ण नाव लिही आणि वीस तारखेच्या आत परत पाठव. या वेळी मी पत्र आधी वाचलं आहे, सही मागाहून बघणार आहे.

तुझीच,
लाल पेन्सिल