बाईंची वाचा गेली तेव्हा

कुडपण, सोमवार

आदरणीय मावशी,

सप्रेम जय भीम. तुझे गुडघे कसे आहेत? महाडच्या त्या जिन्यावरून अजून भांडत भांडतच उतरतेस ना? (भांडण गुडघ्यांशी असावं, शेजारणीशी नसावं, अशी आशा आहे.) मी बरी आहे. घसा तेवढा बसलाय, मिरच्यांमुळे.

झालं असं की पोलादपूरच्या प्रशिक्षणात सांगितलं, प्रश्न विचारल्यावर शिक्षकाने लगेच उत्तर देऊ नये, गप्प राहून मुलांना विचार करू द्यावा. आपल्या घराण्यात गप्प राहण्याची पद्धत नाही (तू निवृत्त झालीस तरी रिक्षावाल्याला पाढे विचारतेस आणि उत्तरही तूच देतेस), तरी मी मनाचा हिय्या केला. चौथीला विचारलं, पाऊस तर कधीच संपला, मग आपल्या झऱ्याला उन्हाळ्यात पाणी येतं कुठून? आणि तोंड मिटून उभी राहिले. मुलांनी वह्या उघडल्या, कारण दरवेळी उत्तर मीच सांगते आणि ती उतरवून घेतात. मी काही सांगेना. मग मुलं घाबरली. यशराज धावत खिचडी शिजवणाऱ्या गोदूबाईंकडे गेला, बाईंची वाचा गेली म्हणून! त्या मीठ, मोहऱ्या, मिरच्या मुठीत घेऊनच आल्या आणि माझी दृष्ट काढू लागल्या. नको म्हणावं तर प्रयोग मोडतो, म्हणून तुझ्या या विज्ञानवाल्या भाचीने मुकाट ओवाळून घेतलं. (हे आईला कळवू नकोस.) मिरच्या चुलीत पडल्या आणि अख्खी शाळा खोकू लागली.

त्या खोकल्यात पूजा उठली. मावशी, ही पोर शाळेत आल्यापासून वर्गात एक शब्द बोलली नव्हती. हजेरीलाही तिच्या वतीने शेजारची मुलगी "हजर" म्हणायची. ती गोदूबाईंना म्हणाली, "बाईंना काय झालं नाय गो आजी. आमी बोलायची वाट बघतायत त्या." मग माझ्याकडे वळून, अडखळत, "पाणी जमिनीत मुरतं, बाई. मंग हळूहळू झऱ्याला येतं." मला रडूच आलं. (गोदूबाईंच्या मते दृष्ट उतरली. मी वाद घातला नाही.)

तुझी लाडकी,
प्रियदर्शिनी

ता.क. शुक्रवारच्या पालकसभेला जरूर ये. पूजा झऱ्याविषयी बोलणार आहे. ती मध्येच थांबते, बराच वेळ शब्द शोधते. तेव्हा तू शब्द पुरवू नकोस, एवढं सांगायलाच हे पत्र. दुसरं कुणी बोललं की ती पुन्हा मिटते.

ता.क. २. रागावू नकोस. लहानपणी मला कुणी नाव विचारलं की माझं तोंड उघडायच्या आत तूच सांगायचीस. मायेनेच सांगायचीस, ठाऊक आहे मला. पण माझं नाव मी पहिल्यांदा स्वतः सांगितलं ते नोकरीच्या मुलाखतीत, आणि तेव्हाही दाराबाहेरून आडनाव तू जोडलंस.